ज्याने घातली त्यानेच सोडवायची

मोशी,
१६ जून २०२५

उत्कर्षा मॅडम,

नमस्कार. मी ओंकारची आई, साधना. मुलांच्या मनाच्या अभ्यासासाठी तुम्हाला पुष्कळ मुलं भेटली असतील म्हणून खूण सांगते. आकुर्डीच्या पॉलिटेक्निकमधला, मेकॅनिकलचा, उंच, मान खाली घालून चालणारा. अजिंक्यचा मित्र. अजिंक्य म्हणजे जानेवारीत ज्याने जीव दिला तो. आता आठवला असेल.

पालकसभेत तुम्ही दिलेला नंबर बंद लागतो. कॉलेजात विचारलं तर क्लार्क म्हणाला, "मॅडमचं संशोधन संपलं, त्या बंगळूरला गेल्या. मेल करा." मेल माझ्या फोनवर ओंकारनेच चालू करून दिलाय, तो उघडून बघतो. फोनवर बोलायची सोय नाही, कारण मी फोन उचलला की तो दारात येऊन उभा राहतो. म्हणून तुमच्या माहितीपत्रकावरच्या पत्त्यावर हे कागदावर लिहितेय. माझं खाली पिको-फॉलचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मशीनवर वही ठेवून लिहायचं, असं ठरवलंय.

ओंकार बोलत नाही. कमी बोलतो असं नाही म्हणत मी, बोलतच नाही. मार्च महिन्यापासून. कॉलेज सुटलं, परीक्षेला बसला नाही. जेवायला वाढलं तर अन्न चिवडत बसतो. अजिंक्य गेल्यावर तो गप्प झाला होताच, पण तेव्हा हो-नाही म्हणायचा. मार्चमध्ये तुमच्याकडे येऊन बसला त्या दिवशी तर घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या आणि मला म्हणाला, "आई, ठेचा मस्त झालाय." मी मनात तुम्हाला हात जोडले. आणि त्यानंतर आठवडाभरात जे तोंड मिटलं ते मिटलंच. त्याच आठवड्यात मोशी टोलनाक्यापाशी टेम्पोने माझ्या गाडीला उडवलं, पायात रॉड बसला, त्यामुळे माझं पंधरवडाभर लक्षच नव्हतं. लक्ष आलं तेव्हा पोरगं असं झालेलं.

कॉलेजच्या शिपायाने सांगितलं की त्या दिवशी ओंकार तुमच्या खोलीत खूप वेळ बसला होता आणि बाहेर आला तेव्हा रडून डोळे लाल झाले होते. म्हणजे तो तुमच्याशी बोलला. जगात एका माणसाशी बोलला, ते तुम्ही.

काय बोलला, एवढं मला सांगा. बाकी काही नको.

साधना


मोशी,
१ जुलै

मॅडम,

तुमचं पत्र आलं. छान टाइप केलंय. "ओंकारने विश्वासाने सांगितलेलं त्याचं आहे, त्याच्या परवानगीशिवाय मी ते तुम्हालाही सांगू शकत नाही." तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा अंगाची लाही लाही झाली.

त्याचं आहे? मॅडम, ह्या मुलाला चड्डीची नाडी बांधायला मी शिकवलं. त्याला गोवर आला तेव्हा त्याच्या अंगावर कुठे कुठे पुरळ होतं ते मला आजही सांगता येईल. आणि त्याच्या मनात काय आहे ते बंगळूरला कपाटात, कुलपात. परवानगी मागायला सांगता. जो पाणी पाहिजे का म्हटलं तरी मान हलवत नाही, त्याला मी परवानगी मागू?

पालकसभेत तुम्ही बोलला होतात ते मला चांगलं आठवतं. भावना दाबून ठेवायची आपल्याकडे मुलांना सवय लागते, घरात मार्कांची चौकशी होते पण मनाची होत नाही, असं तुम्ही म्हणालात आणि सगळ्या आयांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तुमच्या कागदावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच तोंडं काढली होती, त्यातलं आजचं तोंड कुठलं ते मुलांनी सांगायचं. आज माझं तोंड विचाराल तर तसलं तुम्ही काढलेलंच नाही.

आणि एक. ओंकार सतराचा, म्हणून संमतीपत्रावर सही माझी होती. त्यात लिहिलं होतं की मुलाच्या जिवाला धोका दिसला तर पालकांना कळवलं जाईल. तुम्ही मला काहीच कळवलं नाहीत. म्हणजे धोका नाही असं समजू? की मार्चमध्ये नव्हता आणि आता आहे? तुमच्या गप्प बसण्यातून मी अर्थ काढत बसलेय. घरात एक गप्प, बंगळूरला एक गप्प. मी कुणापुढे डोकं आपटायचं?

तुम्ही कळवलंत तसं मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस आहे. गोळ्या दिल्या. म्हणाले, "तो बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, तुम्ही घाई करू नका." घाई न करणाऱ्यांच्यातच राहतेय मी.

साधना


मोशी,
११ जुलै

मॅडम,

मागच्या पत्रात वेडंवाकडं लिहिलं. राग धरू नका. तुम्ही मला लेकीसारख्या नाही, पण धाकट्या बहिणीच्या वयाच्या आहात.

आता तो काय करतो ते सांगते, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला उमगेल. तो माझी पाठ सोडत नाही. दुकानात बसले की शटरच्या आत स्टुलावर बसतो. मंडईत गेले की मागे. गाडीची किल्ली कुठेतरी लपवलीय, विचारलं तर खाली बघतो. मी स्वयंपाक करून बाहेर आले की आत जाऊन गॅस बंद आहे का बघतो. परवा दुपारी डोळा लागला होता, जाग आली तर त्याचं बोट माझ्या नाकाखाली. श्वास बघत होता. मी ओरडले तर भिंतीला जाऊन चिकटला.

ह्यांना, म्हणजे रणजीतना, हे सांगितलं. ते चाकणला कंपनीत आहेत, शिफ्टवरून येतात ते अंग टाकायलाच. म्हणाले, "अगं, आईवर जीव आहे त्याचा. बरंय की." मला मात्र त्याची भीती वाटते. माझ्या पोटच्या पोराची. हे मी कुणाला बोलले नाही, तुम्हाला लिहिते.

तुम्ही नुसतं एवढं कळवा की त्याच्या बोलण्यात मी होते का. हो किंवा नाही. एक अक्षर लिहा. पाया पडते.

साधना


मोशी,
२१ जुलै

मॅडम,

तुमच्या उत्तराची वाट बघितली नाही. काल माझ्या हातून भलतंच घडलं आणि त्यातून सगळं बाहेर पडलं. आता तुम्हाला काही सांगायची गरज नाही. मीच सांगते.

काल दुपारी हे फर्स्ट शिफ्टला होते. मी ओंकारला वाढलं. आवडीचं केलं होतं, मासवडी. त्याने ताटाला हातही लावला नाही, माझ्याकडे बघत बसला. माझ्या पायात कळा मारत होत्या, उकाडा, त्यात खालून एक बाई ब्लाउजसाठी हाका मारत होती. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "ओंकार, तुला माझी शपथ आहे. आज बोलला नाहीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मॅडम, आमच्यात हे सगळ्याच आया म्हणतात. दूध पीत नाही म्हणूनही म्हणतात.

तो ताटावरून उठला तो माझ्या अंगावरच आला. माझ्या तोंडावर हात दाबला. "मागे घे! मागे घे! सुटली म्हण, आई, सुटली म्हण!" एवढ्या महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला तो असा. मी त्याच्या हाताखालून "सुटली, सुटली" म्हणाले तेव्हा हात काढला. मग सांडलेल्या ताटापाशीच बसला आणि बोलला.

तुम्हाला ठाऊकच आहे, तरी लिहिते, लिहिल्याशिवाय मला खरं वाटत नाही. जानेवारीत आकुर्डी स्टेशनच्या जिन्यावर अजिंक्यने त्याला सांगितलं की मला आता जगायचं नाही. ओंकारने समजावलं, ओरडला, सरांना सांगतो म्हणाला. तेव्हा अजिंक्यने शपथ घातली. "तुला तुझ्या आईची शपथ आहे. कुणाला बोललास तर ती मरेल." ओंकार दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. आणि माझं तोंड डोळ्यांपुढे आलं म्हणून परत फिरला. त्यानंतर दोनच दिवसांत अजिंक्य गेला.

मग मार्चमध्ये तुम्ही भेटलात. तुमच्यापाशी त्याने शपथ मोडली. हलकं वाटलं म्हणे, म्हणूनच त्या दोन भाकऱ्या. आणि त्याच आठवड्यात मला टेम्पोने उडवलं.

"पाळली तर अजिंक्य गेला. मोडली तर तू जात होतीस," असं म्हणाला तो. मी म्हटलं, "अरे, टेम्पोवाल्याचा ब्रेक लागला नाही, त्यात तुझी शपथ कुठे आली? आणि मी जिवंत आहे की, ही बघ तुझ्यापुढे बसलेय." तर म्हणतो, "अजून आहेस."

तुम्ही त्याला म्हणाला होतात, बोललं की बरं वाटतं. खोटं नव्हतं ते. पण त्यानंतर काय झालं हे तुम्हाला कुठून कळणार, तुमचं काम तोवर संपलं होतं. मी हे टोचून बोलत नाहीये. थोडं टोचूनच बोलतेय.

साधना


मोशी,
३० जुलै

मॅडम,

पाकिटावर मी लिहिलेल्या शेजारच्या मेडिकलच्या नंबरवर तुम्ही दोनदा फोन केलात, मेडिकलवाल्याने निरोप दिला. मी मुद्दाम आले नाही. ओंकार मागे येतो आणि त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलणं मला जमत नाही. पत्रच बरं.

तो आता बोलतो, थोडं. डॉक्टरांशीही बोलला. पण बरा नाही. उलट जे आत होतं ते आता माझ्यापुढे मांडून ठेवलंय आणि त्याला तोडगा नाही. मी म्हणाले, "शपथ माझ्या नावाची ना? मग मीच म्हणते, सुटली." तो म्हणाला, "तू घातली नाहीस. ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते." लहानपणी गोट्या खेळताना ह्या पोरांचा हाच नियम होता, मीच ऐकलाय. ज्याने घातली तो तर गेला. ह्यांनी त्याला भैरवनाथाच्या देवळात नेऊन नारळ फोडला. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की दुःखात माणूस न जुळणाऱ्या गोष्टी जुळवतो, त्याला वेळ लागेल. ओंकार सगळं ऐकतो, हो म्हणतो आणि घरी येऊन गॅस बघतो.

शुक्रवारी त्याने मला एक गोष्ट सांगितली. ती लिहिताना सुई बोटात जावी तसं होतंय. "आई, शपथ मला घातलीय. मीच नसलो तर ती कुणाला लागणार? मग तुला काही होणार नाही."

डॉक्टरांना लगेच फोन केला, त्याच दिवशी घेऊन गेलो. गोळ्या बदलल्या, एकट्याला क्षणभर सोडू नका म्हणाले, वाटलं तर भरती करू. ह्यांनी रजा टाकली. आता तो माझ्यावर नजर ठेवतो आणि आम्ही दोघं त्याच्यावर. घरात कुणी डोळा मिटत नाही. तुमच्या अभ्यासात ह्याला काहीतरी नाव असेल. मला नाव नको, माझा मुलगा हवा.

मला एकच सुचतंय. अजिंक्य नाही, पण त्याची आई आहे. मंजुळाबाई. तळवड्याला भाड्याने राहतात, मूळच्या लातूरकडच्या, एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करतात. अजिंक्यच्या जागी तिने "सुटली" म्हटलं तर ओंकार मानेल असं मला वाटतं. आई म्हणजे काही परकी नाही.

हे म्हणाले, "डोकं फिरलंय का तुझं? काय सांगशील त्या बाईला? तुमचा पोरगा जाणार हे आमच्या पोराला ठाऊक होतं, आणि तो गप्प बसला? व्हय? असं सांगणार?" एवढे चिडले की त्यांची गावाकडची बोली बाहेर पडली. "ती माउली पोराला जन्मभर तळतळाट दील. आन् तू म्हणतीस, तिच्याच दारात जाऊन भीक मागते."

त्यांचं खोटं नाही. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, विचार करवत नाही. आधीच रडून कोरडी पडलेली बाई आहे. तिला हे सांगणं म्हणजे तिच्या जखमेत हात घालून माझ्यासाठी औषध काढणं. पण न सांगितलं आणि उद्या ओंकार... मॅडम, मला सांगा. परवानगी वगैरे नको, ह्या वेळी सरळ सांगा. जाऊ का नको?

साधना


मोशी,
१२ ऑगस्ट

उत्कर्षा,

मॅडम आज लिहीत नाही.

तुमचं पत्र मिळालं. "ओंकारला विचारा. गोष्ट त्याची आहे. आणि मंजुळाबाईंना नाही म्हणायची मोकळीक ठेवा." जुलैमध्ये ह्याच वाक्यावर मी जळले होते. ह्या वेळी कागद घडी करून ब्लाउजात ठेवला आणि ओंकारपाशी जाऊन बसले. म्हणाले, "मंजुळाकाकूला सांगू का?" तो नखं कुरतडायला लागला. मग म्हणाला, "ती मला मारेल." मी म्हटलं, "मारलं तर?" म्हणाला, "मारू दे."

गेल्या आठवड्यात मी एकटीच तळवड्याला गेले, ओंकारजवळ हे होते. मंजुळाबाई नुकत्या कामावरून आल्या होत्या, हाताला पीठ तसंच. भिंतीवर अजिंक्यचा फोटो, हार प्लास्टिकचा. मी आडवळण घेतलं नाही, घेतलं असतं तर परत फिरले असते. सगळं सांगितलं. त्या उभ्याच होत्या. शेवटी एवढंच बोलल्या, "म्हंजी त्या लेकराला ठावं होतं."

मी म्हणाले, हो.

"जावा तुमी," म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. दार लावून घेतलं. मी बसस्टॉपवर बसून एवढी रडले की एका रिक्षावाल्याने पाण्याची बाटली आणून दिली. दोन घरं बुडवून आले असं वाटत होतं.

आणि परवा रविवारी दुपारी दारात मंजुळाबाई. बसने आलेल्या, धुवट साडी, पदर घट्ट लपेटलेला. ओंकार त्यांना बघून उठला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. हे मध्ये पडणार तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. मंजुळाबाई जमिनीवर बसल्या. पाणी दिलं, घेतलं नाही.

"बस," त्या ओंकारला म्हणाल्या. तो बसला.

"कुनाची शपथ घातली व्हती त्यानं?"

"माझ्या आईची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, मला लाज वाटली, जिवंत असल्याची. मग त्या ओंकारकडे वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम फाटला. "माझी कामून नाही घातली रे? आं? तुझ्या आईचं नाव आलं त्याच्या तोंडात. माझं आठवलंबी नाही का त्याला, जाताना?"

मी घाबरले. वाटलं, संपलं, आता ती कोसळणार आणि हाही. ओंकारने मान वर केली. माझ्या मुलाला एवढं सरळ बघताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"मी म्हटलं होतं, काकू," तो म्हणाला. "मी म्हटलं, माझ्या आईची नको, तुझ्या आईची घाल. तर तो माझ्यावर चिडला. म्हणाला, माझ्या आईचं नाव असल्या गोष्टीत घ्यायचं नाही. तिला काही झालेलं मला चालणार नाही."

मंजुळाबाईंनी पदर तोंडात कोंबला. हे बाहेर गॅलरीत निघून गेले. मग त्यांनी पुढे सरकून ओंकारचं डोकं दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं मारतात. त्या म्हणाल्या, "सुटली रे बाबा. त्याच्या वतीनं मी म्हनते. सुटली." आणि त्याला छातीशी ओढलं. तो असा रडला की खालचे भाडेकरू वर आले.

सगळं बरं झालं असं समजू नका. डॉक्टर चालू आहेत, गोळ्या चालू आहेत, एकटं सोडत नाही. आज सकाळीही तो गॅस बघून आला. मंजुळाबाईंनी त्याला माफ केलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि मला विचारायचा हक्कही नाही.

पण त्या दिवशी त्या निघायला उठल्या, दारापर्यंत गेल्या, चपलेत पाय घातला आणि परत आत आल्या. ओंकारसमोर बसल्या.

"काय म्हनला व्हता तो? माझ्याबद्दल? परत सांग."

ओंकारने सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "अजून एकडाव."

त्याने परत सांगितलं. मी चहा टाकायला आत गेले, चहा उतू गेला, गाळला, आणून ठेवला, गार झाला. त्या विचारत होत्या आणि माझा मुलगा सांगत होता.

साधना